माईक हातात येण्याआधी: पाच मिनिटांचं भाषण कसं बांधायचं

सोलापुरात बोलायची वेळ कुणावर कधी येईल, सांगता येत नाही. गणेश मंडळाचं प्रास्ताविक असतं, शाळेतली पालकसभा असते, एमआयडीसीतल्या कारखान्यात रिटायर होणाऱ्या फोरमनचा निरोप समारंभ असतो. नाहीतर लग्नात कुणीतरी अचानक हातात माईक कोंबतं आणि म्हणतं, "दोन शब्द बोला ओ." मग ते दोन शब्द वीस मिनिटं चालतात, नाहीतर दोनाच्या पुढे जातच नाहीत. दोन्हीचं मूळ एकच. बोलणारा 'मी काय बोलू' याची काळजी करत आलेला असतो. ऐकणारा घरी काय घेऊन जाणार, हे त्यानं ठरवलेलंच नसतं.

खाली दिलेली पद्धत या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते. नुसते नियम वाचून कुणी बोलायला शिकत नाही, म्हणून आपण एक भाषण हातात घेऊन ते बांधत जाऊ.

प्रसंग असा धरा. शहराच्या पूर्व भागातली एक कॉलनी. यंत्रमागावरचे कामगार, विडी वळणाऱ्या बायका, दोन-चार शिक्षक, कॉलेजची काही पोरं. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे घरोघरी बॅरल, पिंपं, हौद भरलेले. पावसाळा आहे आणि गल्लीत डेंग्यूचे पेशंट निघालेत. संध्याकाळी देवळासमोर मीटिंग ठरलीय आणि पाच मिनिटं तुम्हाला बोलायचंय. तुम्ही डॉक्टर नाही, पुढारी तर नाहीच नाही.

थोडी थिअरी, पण कामापुरती

क्लॉड शॅनन हा अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेतला गणिती इंजिनिअर. १९४८ साली त्यानं एक मांडणी केली. पाठवणारा एका टोकाला, घेणारा दुसऱ्या टोकाला, मध्ये वाहिनी, आणि वाहिनीत शिरणारा गोंगाट. माणसं एकमेकांना समजून घेतात की नाही हा त्याचा विषयच नव्हता. तारेवरून जाणारा संदेश किती बिघडतो आणि तरी तो नीट कसा पोचवायचा, एवढंच त्याला मोजायचं होतं. पण ही आकृती इतकी सोयीची निघाली की पुढच्या काळात संवादशास्त्राच्या अभ्यासकांनी ती उचलली आणि त्यात 'प्रतिसाद' जोडला, कारण टेलिफोनची तार जांभई देत नाही, माणूस देतो.

आपल्या कामाचा भाग आहे तो गोंगाटाचा. संवादात तो चार तऱ्हेचा मानतात, आणि आपल्या मीटिंगला चारही तऱ्हा हजर असणार. शेजारच्या शेडमध्ये माग चालू आहेत, हा कानावरचा गोंगाट. दिवसभर पाळी करून आलेल्या माणसाची पाठ दुखतेय, हा शरीराचा. "आलं बघा आणखी एक शिकवायला" हे मनातलं वाक्य, हा तिसरा. चौथा भाषेचा. तुम्ही 'परिसर स्वच्छता' म्हणता. समोरच्या आजी घरात तेलुगू बोलतात, त्यांना 'परिसर' म्हणजे कुठपर्यंत, हे काही लागत नाही.

बहुतेक वक्ते चारही गोंगाटांवर एकच औषध वापरतात: आवाज वाढवणं. ते फक्त पहिल्यावर चालतं. दमलेल्या माणसाला थोडक्यात बोलणारा हवा असतो. मनात अढी असलेल्याला आपल्यातलाच कुणीतरी बोलतोय असं दिसावं लागतं. आणि भाषेच्या गोंगाटावर वस्तू दाखवण्याइतका दुसरा उपाय नाही. पुढच्या पायऱ्यांमध्ये हेच पुन्हा पुन्हा येईल.

आणखी एक गोष्ट. तुम्ही तोंड उघडण्याआधीच बोलायला लागलेले असता. पॉल वॉट्झलाविक या अभ्यासकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मांडलेलं हे तत्त्व: माणूस संवाद न करता राहूच शकत नाही. दुसरा बोलत असताना खुर्चीत बसून तुम्ही मोबाईल चाळत असाल, तर त्याचं बोलणं महत्त्वाचं नाही हे तुम्ही सगळ्या सभेला सांगून टाकलेलं असतं. नंतर तुमची पाळी येते तेव्हा सभा तुमच्याशी तसंच वागते.

पायरी पहिली: समोर कोण बसणार

कागद घ्या आणि तीन ओळी लिहा. या लोकांना काय माहीत आहे? या विषयाबद्दल त्यांना काय वाटतं? आणि उद्या सकाळी त्यांनी नेमकं काय केलं म्हणजे माझं बोलणं कामी आलं?

आपल्या कॉलनीसाठी उत्तरं साधारण अशी येतील. माहीत आहे: डेंग्यू डासामुळे होतो. वाटतं: डास नाल्यावरून येतात आणि नाला साफ करणं महापालिकेचं काम, आम्ही काय करणार? करायला हवं: घरातलं पाण्याचं भांडं साफ.

दुसऱ्या ओळीकडे नीट बघा. सगळं भाषण तिथे अडकलेलं आहे. 'डेंग्यू भयंकर आहे' हे सांगण्यात पाच मिनिटं घालवलीत तर लोक माना डोलावतील आणि नाल्याकडे बोट दाखवून घरी जातील. त्यांचा समज कुठे चुकतोय हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यासाठी मीटिंगच्या आदल्या दिवशी दोन-तीन घरी चहा घ्या आणि फक्त ऐका. वाचनालयात तासभर बसण्यापेक्षा या चहाचा उपयोग जास्त होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी दुसरी: एक वाक्य

'डेंग्यूविषयी जनजागृती' हा विषय झाला. भाषणाला वाक्य लागतं. त्यात कुणीतरी काहीतरी करायला हवं, आणि ते शाळेतल्या पोरालाही घरी जाऊन सांगता यायला हवं.

त्या वाक्यासाठी आधी माहिती नीट जमवावी लागते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास चावतो तो मुख्यत्वे दिवसा. तो गटारात नव्हे, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. फार लांब उडत नाही, म्हणजे गल्लीतला डास बहुधा गल्लीतलाच. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस. आणि मादी अंडी घालते ती भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, चिकटवून. भांडं कोरडं पडलं तरी ती अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात.

एवढं सगळं सांगायचा मोह होणार. तो आवरा. यातली शेवटची गोष्ट कॉलनीत फार थोड्यांना माहीत असते आणि तिच्यातूनच काम निघतं. म्हणून वाक्य: "बॅरल रिकामं करून चालत नाही, आतून घासावं लागतं."

बाकीची माहिती या वाक्याला टेकू देत असेल तरच ठेवायची. डास किती लांब उडतो हे ठेवू, कारण नाल्याचा समज त्यानंच सुटतो. डेंग्यूच्या विषाणूचे किती प्रकार असतात, हे कितीही रंजक असलं तरी गेलं.

पायरी तिसरी: माणसाला पटतं कशानं

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलनं तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वी पटवून देण्याचे तीन आधार सांगितले, आणि अजून कुणाला चौथा सांगता आलेला नाही म्हटलं तरी चालेल. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्यातला तर्क.

तर्क आपल्याकडे आहे, अंड्यांचा. भावनेसाठी रडवायची गरज नाही. गल्लीतलं कुठलं तरी लेकरू सलाइन लावून झोपलंय, हे सगळ्यांना माहीतच असतं. त्याचं नाव घेऊ नका. त्या घरच्यांना ते आवडणार नाही आणि सभेला नावाशिवायही कळतं.

पत हा मात्र खरा अवघड भाग. तुम्ही डॉक्टर नाही. मग पत येते कुठून? तुमच्याही घरी तेच बॅरल आहे, नळाच्या दिवशी तुम्हीही पहाटे उठून मोटर लावता, त्यातून. म्हणून स्वतःच्या घरचं बॅरल मीटिंगच्या आधी घासून या आणि तोच ब्रश सोबत आणा. स्वतः न केलेली गोष्ट दुसऱ्याला करायला सांगणारा वक्ता लोक बरोबर ओळखतात. कसं ओळखतात देव जाणे, पण ओळखतात.

पायरी चौथी: बांधणी

यादीतल्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या गोष्टी लोकांच्या जास्त लक्षात राहतात, मधल्या गळतात, हे स्मरणशक्तीच्या प्रयोगांत वारंवार दिसलंय. म्हणून मुख्य वाक्य पहिल्या मिनिटात एकदा आणि शेवटी एकदा यायला हवं. मध्ये फार तर तीन मुद्दे.

आपल्याकडे पहिलं मिनिट कशात जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. "आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावर उपस्थित असलेले…" इथून सुरू होऊन आजी-माजी सगळे होईपर्यंत लोकांनी शेजाऱ्याशी गप्पा सुरू केलेल्या असतात. हा रिवाज मोडा असं मी म्हणणार नाही. सोलापुरात नाव राहून गेलं तर ते पुढच्या गणपतीपर्यंत लक्षात ठेवलं जातं. पण नावं सूत्रसंचालकानं एकदा घेतलेली असतात. तुम्ही "अध्यक्ष महोदय आणि कॉलनीतल्या सगळ्या मावशी, काका, मित्रांनो" एवढ्यावर भागवा. घ्यायचीच असतील तर आयोजकांकडून चिठ्ठी घ्या आणि येमूल, चिलवेरी, बिराजदार, हत्तुरे ही आडनावं आधी एकदा मोठ्यानं म्हणून बघा. ज्याचं नाव चुकलं त्याचे कान त्यापुढे बंद.

आता सुरुवात. पहिला मसुदा बहुधा असा उतरतो:

"आज आपण सर्वजण एका अत्यंत महत्त्वाच्या विषयावर विचारमंथन करण्यासाठी एकत्र जमलो आहोत. सध्या शहरात डेंग्यूचा प्रादुर्भाव वाढत असून नागरिकांनी योग्य ती खबरदारी घेणे गरजेचे आहे."

यात चूक एकही नाही, आणि ऐकणाऱ्याच्या हातात पडतं तेही काही नाही. दुसरा मसुदा, हातात ब्रश धरून:

"मावशी, हा आमच्या घरचा ब्रश. आज सकाळी यानं मी बॅरल घासलं. तुम्ही म्हणाल, आम्ही दर वेळी बॅरल पालथं करतोच की. मीही करतो. पण डास अंडी पाण्यात सोडत नाही, बॅरलच्या भिंतीला चिकटवतो. पाणी ओतून दिलं तरी अंडी तिथंच. नळ आला, पाणी वर चढलं, की पुन्हा डास. म्हणून बॅरल रिकामं करून चालत नाही, आतून घासावं लागतं."

पुढचे तीन मुद्दे: हा डास नाल्यावरचा नाही, आपल्याच पाण्यातला. घासायचं कधी: नळ यायच्या आधी, कारण तेव्हा बॅरल तळाला गेलेलं असतं आणि पाणी वाया जात नाही, निदान आठवड्यातून एकदा तरी. आणि ज्यांचा हौद जमिनीत आहे, उपसता येत नाही, त्यांनी घट्ट झाकण लावायचं किंवा गप्पी मासे सोडायचे. शेवट ठरलेल्या कामानं: "पुढच्या नळाच्या दिवशी, पाणी भरायच्या आधी, प्रत्येकानं आपलं एक बॅरल घासायचं. ज्या घरात म्हातारी माणसं एकटी आहेत, तिथे ही कॉलेजची पोरं जातील." आणि मुख्य वाक्य पुन्हा एकदा.

पोरांना आधी विचारलेलं असू द्या म्हणजे झालं.

पायरी पाचवी: छापील मराठीतून बोलत्या मराठीत

बोलताना आपल्या तोंडात कुठून कोण जाणे सरकारी परिपत्रक येतं. एरवी "मी उद्या येतो" म्हणणारा माणूस माईकसमोर "मी उद्या उपस्थित राहण्याचा प्रयत्न करेन" म्हणतो. यानं दोन नुकसानं होतात. वाक्य लांबतं, आणि काम कुणी करायचं हे त्यातून नाहीसं होतं. "भांड्यांची स्वच्छता करण्यात यावी" म्हणजे कुणी करायची? कुणीच नाही. "तुम्ही घासा" म्हटलं की त्यात माणूस येतो.

लिहिलेलं भाषण घ्या आणि प्रत्येक वाक्य घरातल्या कुणाला तरी म्हणून दाखवा. 'करण्यात येत आहे'चं 'करतोय' करा. 'सदर' सगळे काढा. 'त्या अनुषंगाने' काढलंत की त्याच्या जागी बहुधा काहीच लागत नाही. 'प्रादुर्भाव वाढत आहे'ऐवजी 'पेशंट वाढलेत'. वाक्य एका श्वासात संपत नसेल तर तोडा.

सोलापुरी उच्चारांची लाज बाळगणारे पुष्कळ भेटतात. घरात कन्नड किंवा तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दखनी, अशा घरातली पोरं वक्तृत्व स्पर्धेत पुण्याच्या चालीवर बोलायला जातात आणि अर्ध्यात जीभ अडखळते. पुसट उच्चार हा दोष आहे, हेल नव्हे. शब्दाचं शेवटचं अक्षर न गिळणं, वाक्याच्या शेवटी आवाज न पाडणं, एवढं सांभाळलं तर "लई" म्हणालात म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. कॉलनीत तर ते चांगलंच. औपचारिक व्यासपीठावर प्रमाण मराठी बोला, पण स्वतःच्या सुरात.

आणि भाषा बदलायचीच असेल तर मुख्य वाक्यापुरती बदला. तेलुगू येत नसेल तर उगाच दोन शब्द पाठ करून टाळ्या मिळवू नका. ओळीत बसलेल्या एखाद्या तेलुगू अक्कांना आधीच सांगून ठेवा. मुख्य वाक्य झालं की तेच त्या त्यांच्या शब्दांत मोठ्यानं सांगतील. अक्कांनी सांगितलेलं तुमच्यापेक्षा जास्त पटतं, हाही फायदाच.

पायरी सहावी: वेळ मोजा, मग कापा

मोबाईलवर एक मिनिट स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा आणि शब्द मोजा. नेहमीच्या गतीनं मराठीत शंभर ते सव्वाशेच्या आसपास भरतील. म्हणजे पाच मिनिटांचं भाषण कागदावर पाचशे शब्दांपेक्षा मोठं नको. सभेत थांबावं लागतं, कुणीतरी मध्येच हसतं, लेकरू रडतं. साडेचार मिनिटांची तयारी करा. पाच मिनिटं सांगून चार मिनिटांत बसलेला वक्ता सोलापुरात अजून कुणी वाईट म्हटलेला ऐकला नाही.

पायरी सातवी: सराव

पाठ करू नका. पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढचे सगळे जातात, आणि डोळे वर छताकडे लागतात तेव्हा सभेला कळतं की हा आठवतोय. पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन तेवढी तोंडपाठ असावीत. मधल्यासाठी पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर चार शब्द लिहा, मोठ्या अक्षरात: ब्रश, नाला, नळाचा दिवस, हौद. एवढ्यावर भाषण उभं राहत नसेल तर ते तुम्हाला अजून समजलेलं नाही.

सराव उभं राहून, मोठ्यानं. मनातल्या मनात केलेला सराव सराव नव्हेच. मनात कुणाची जीभ अडखळत नाही. दर वेळी शब्द थोडे वेगळे येतील, येऊ द्या. एकदा घरातल्या माणसासमोर बोला आणि "कसं झालं?" असं विचारू नका, कारण "छान" हेच उत्तर येणार. "मी काय करायला सांगितलं?" असं विचारा.

उच्चारासाठी आपल्या आजीचं 'कच्चा पापड, पक्का पापड' आणि 'चटईला टाचणी टोचली' अजूनही पुरतं. सावकाश सुरू करून वेग वाढवा, आणि अक्षर पुसट झालं तिथे थांबा.

भीती

याला पायरी म्हणत नाही, कारण ती सगळ्या पायऱ्यांवर सोबत असते. होतं काय, ते आधी समजून घ्या. समोर पन्नास डोळे दिसले की शरीराला ते संकट वाटतं. ॲड्रिनलिन सुटतं, हृदय वेगानं पळतं, तोंडाला कोरड पडते, हात थरथरतात. पळायला किंवा लढायला याचा उपयोग असतो, प्रास्ताविकाला नाही.

श्वास सोडताना तो घेण्यापेक्षा लांबवा. चार मोजत घ्या, सहा-सात मोजत सोडा, आपला नंबर यायच्या आधी खुर्चीत बसल्याबसल्या. पाण्याचा एक घोट. हात थरथरत असतील तर हातात मोठा कागद धरू नका, कागद थरथर दहा पटींनी दाखवतो. म्हणून ती पोस्टकार्डाएवढी जाड चिठ्ठी.

मग दोन गोष्टी मनाशी. केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की वक्त्याला आपली भीती जेवढी उघडी पडलीय असं वाटतं तेवढी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही. आणि हे आधी सांगितलेले वक्ते जास्त चांगलं बोलले. दुसरं, ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४च्या अभ्यासात "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला हुरूप आलाय" असं स्वतःला सांगणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. धडधड दोन्हींत तीच, तिला हाक मारायची पद्धत वेगळी. म्हणून "घाबरू नकोस, शांत हो" हा घरच्यांचा आवडता सल्ला फारसा चालत नाही.

सुरुवातीलाच "मी काही वक्ता नाही, चुकलं तर सांभाळून घ्या" म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. सोडा ती. लोक तोवर तुमची चूक शोधतही नव्हते.

उभं राहणं आणि माईक

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शरीर, वाणी, वेशभूषा आणि आतून उमटणारा भाव. वक्ता नट नसतो, पण त्यालाही हे चार बघून घ्यायला हरकत नाही. पाय खांद्यांएवढ्या अंतरावर, वजन दोन्हींवर. हात खिशात नको, पाठीमागे नको. कपडे बसलेल्यांच्या जवळचे. कॉलनीत टाय लावून जाणं म्हणजे मनातला गोंगाट स्वतः वाढवणं.

कार्यशाळांमध्ये एक आकडा हमखास सांगतात: संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी ९३ टक्के आवाज आणि देहबोली. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांमधून आलाय, आणि तिथे प्रश्न अगदी छोटा होता. एखादा सुटा शब्द, आवाजाचा सूर आणि चेहरा यांतून आवड-नावड कशी कळते, तेही तिन्हींचा मेळ नसताना. भाषणाला तो लावू नका असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलंय. चेहऱ्यावरून तुमची आस्था कळेल. बॅरल घासायचं आहे हे शब्दांशिवाय कसं कळणार?

अंतराचंही बघा. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञानं १९६६ साली माणसांमधल्या अंतराचे पट्टे सांगितले. साधारण बारा फुटांपुढचं अंतर त्यानं सार्वजनिक धरलं. त्यापलीकडून चेहऱ्यावरचे बारकावे पोचत नाहीत. देवळासमोरच्या मीटिंगला म्हणूनच टेबलामागे उभं राहू नका, चार पावलं पुढे या. हुतात्मा स्मृती मंदिर किंवा डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृहासारख्या मोठ्या मंचावर ते जमत नाही. तिथे हालचाल मोजकी आणि मोठी, आणि नजर डावीकडे, मध्ये, उजवीकडे एकेका माणसावर एक वाक्य संपेपर्यंत. (ज्या फडकुल्यांचं नाव त्या सभागृहाला आहे ते स्वतः नाणावलेले वक्ते होते.)

माईकचं सांगायचं तर, तो चालू आहे का बघायला त्यावर टकटक करू नका, फुंकरही मारू नका, "नमस्कार" म्हणा. तोंडापासून चार बोटं लांब, किंचित तिरका, म्हणजे प, फ, भ म्हणताना फटफट होत नाही. जाळी मुठीत धरू नका, त्यानं शिट्टी वाढते. शिट्टी येतच असेल तर स्पीकरच्या समोरून बाजूला व्हा. साउंडवाल्याशी कार्यक्रमाआधी दोन मिनिटं गोड बोलून ठेवा. त्या दिवशी सभागृहात तुमच्यासाठी सगळ्यात मोठा माणूस तोच. आणि लाईट गेली तर? घसा ताणू नका. लोकांना खुर्च्या पुढे ओढायला सांगा. बऱ्याचदा सभा तिथूनच खरी रंगते.

प्रश्न येणारच

आपल्या भाषणानंतर पहिला प्रश्न कुठला येणार हे सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. मागच्या रांगेतून कुणीतरी उठेल: "आधी पाणी रोज द्यायला सांगा की ओ त्यांना! आम्हाला काय हौस आहे का साठवायची?" आणि टाळ्या पडतील. तुमच्यापेक्षा जास्त.

इथे दोन चुका होतात. एक, वक्ता महापालिकेची वकिली करायला लागतो, उजनी धरणाची पातळी न् पाइपलाइन सांगत बसतो. दोन, तोही त्यांच्यात मिसळून शिव्या घालतो आणि बॅरल विसरलं जातं. त्याऐवजी: प्रश्न पूर्ण ऐका. सगळ्यांना ऐकू जाईल असा स्वतःच्या शब्दांत पुन्हा म्हणा. त्यातलं खरं ते मान्य करा. मग आपल्या वाक्यावर या. "काकांचं बरोबर आहे. पाणी रोज आलं तर साठवायला लागणारच नाही, आणि त्यासाठी अर्ज द्यायचा असेल तर पहिली सही माझी. पण ते होईपर्यंत बॅरल आपल्याच घरात आहे. या आठवड्यात ते घासूया." इतकंच. काका खाली बसले की जिंकल्याचा चेहरा करू नका.

उत्तर येत नसेल तर "बघून सांगतो" म्हणा, आणि खरंच बघून सांगा, त्याच आठवड्यात.

कार्यक्रम संपल्यावर

"छान बोललात" म्हणणारे भेटतील. आभार माना आणि पुढे व्हा. चहाच्या वेळी अशा एखाद्या मावशीशी बोला ज्या मागे बसल्या होत्या. "काय ठरलं मावशी आपलं?" एवढंच विचारा. त्या म्हणाल्या "बॅरल घासायचं, नळ यायच्या आधी", तर पोचलं. "डासांचं काहीतरी सांगितलं बघा" म्हणाल्या, तर मुख्य वाक्य हरवलं; मोबाईलवरचं रेकॉर्डिंग घरी ऐका आणि ते कुठे दबलं ते शोधा. बहुतेक वेळा ते तिसऱ्या मिनिटाला, एखाद्या ऐनवेळी सुचलेल्या किश्शाखाली सापडतं.

आता पुढची संधी मागून घ्या. सुरुवातीला आभारप्रदर्शन मागा. ते कुणालाच नको असतं, म्हणून लगेच मिळतं. वेळ दोन मिनिटांचा, नावांची यादी हातात आणि लोकांना घरी जायची घाई, म्हणजे थोडक्यात बोलायची सवय आपोआप लागते. त्यानंतर एखाद्या पाहुण्यांचा परिचय: त्यांना आधी फोन करा, छापील बायोडाटा वाचून दाखवण्याऐवजी त्यातल्या दोनच गोष्टी निवडा आणि त्या या सभेला का सांगायच्या तेवढं ठरवा. मग प्रास्ताविक. वक्तृत्व स्पर्धेला जायचं असेल तर उत्स्फूर्त गटात नाव द्या. चिठ्ठी उघडल्यावर मिळणाऱ्या त्या थोड्याशा वेळात पहिल्या दोन पायऱ्याच करायच्या असतात: समोर कोण, आणि एक वाक्य.